यू आर व्हेरी फ्रस्ट्रेटिंग

"यू आर व्हेरी फ्रस्ट्रेटिंग," मी पेशंटला म्हणाले, तेही चेहऱ्यावर अगदी मायेचं हसू ठेवून.

पेशंट म्हणजे माझ्यासारखीच एक नर्स. सांगलीला विश्रामबागेतल्या एका फ्लॅटच्या हॉलमध्ये दर रविवारी सकाळी आम्ही सहा जणी इंग्रजीच्या परीक्षेच्या क्लासला जमायचो आणि आळीपाळीनं पेशंट व्हायचो. त्या दिवशी तिच्या कार्डावर लिहिलं होतं : डिस्चार्ज सांगून तीन तास झाले, कागद अजून हातात नाहीत, तुम्ही वैतागला आहात. बाई छान वैतागली होती. पर्स आपटली, घड्याळ दाखवलं, माझ्याकडं बघायचंही सोडून दिलं. मला म्हणायचं होतं, 'तुम्ही फार वैतागलेल्या दिसताय.' तोंडातून निघालं, 'तुम्ही म्हणजे नुसता वैताग आहात.' पेशंट पेशंटपण विसरून खो-खो हसायला लागली. बाकीच्या चौघीही. शिकवणाऱ्या मॅडम तेवढ्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "तिकडं ब्रिटनला वॉर्डात असं बोललीस तर डिस्चार्जच्या कागदाआधी तक्रारीचा फॉर्म तिच्या हातात असेल."

मी मिरजेतल्या एका खासगी दवाखान्यात स्टाफ नर्स आहे. जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा कोर्स, करून नऊ वर्षं झाली. मिरज हे दवाखान्यांचं गाव. 1894 साली डॉक्टर विल्यम वॉनलेस यांनी इथं मिशनचं हॉस्पिटल काढलं, तेव्हापासून कर्नाटकातून, कोकणातून पेशंट इथं येतात आणि इथल्या नर्सेस बाहेर जातात. आमच्या बॅचमधल्या तिघी ब्रिटनला गेल्या. त्यांचे फोटो बघून बघून मीही ठरवलं. त्यासाठी मी जी परीक्षा दिली ती ओईटी, म्हणजे ऑक्युपेशनल इंग्लिश टेस्ट. ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं असे चार भाग, प्रत्येकाला 500 पैकी गुण. ब्रिटनच्या नर्सिंग कौन्सिलला ऐकणं, वाचणं आणि बोलणं यांत 350 लागतात, लिहिण्यात 300 चालतात. फी मी भरली तेव्हा 587 ऑस्ट्रेलियन डॉलर होती. हे आकडे आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहेत, सासूबाईंनासुद्धा.

बोलण्याच्या भागात दोन रोल-प्ले असतात, प्रत्येकी पाच मिनिटांचे. हातात कार्ड देतात, वाचायला तीन मिनिटं देतात, आणि समोरचा माणूस पेशंट होतो किंवा पेशंटचा नातेवाईक होतो. हा पेशंट क्वचितच सरळ असतो. कधी औषधाचं वेळापत्रक कळत नसतं, कधी वाट बघून बघून तो कावलेला असतो. इंजेक्शन कसं द्यायचं हे तिथं कुणी विचारत नाही. तुमचं इंग्रजी बघतात आणि त्याच्या जोडीला हेही बघतात, की समोरच्याला काय वाटतंय ते तुम्हाला कळलं का, आणि कळल्याचं त्याला कळलं का.

तर फ्रस्ट्रेटेड आणि फ्रस्ट्रेटिंग. मला वाटायचं, हा व्याकरणाचा प्रश्न आहे, पाठ केला की सुटेल. पाठ होता. कागदावर रिकाम्या जागा भरायला दिल्या की दहापैकी दहा. तोंड उघडलं की शून्य. मॅडमनी विचारलं, "कंटाळलेला पेशंट आणि कंटाळवाणा पेशंट यांत फरक काय?" मी ताडकन सांगितलं. कंटाळलेला बिचारा असतो, आणि कंटाळवाणा आला की आम्ही त्या खोलीत ज्युनिअरला पाठवतो. म्हणजे फरक डोक्यात पक्का होता. मग घोटाळा कुठं होता? घरी जायला बस थांब्यावर उभी असताना सापडला. कॉलेजची दोन पोरं बोलत होती. "मी लई बोअर झालोय." "त्यो सर लईच बोअर हाय." एकच बोअर, दोन्हीकडं. 'मी कन्फ्यूज झाले', 'हे सगळं कन्फ्यूज आहे', हेही आम्ही असंच बोलतो. इंग्रजी शब्द घरात घेताना आपण त्याचं शेपूट दाराबाहेर कापून ठेवलंय, आणि आता परीक्षेला तेच शेपूट मागतात.

मॅडमचा नियम सोपा होता. ज्याला होतं त्याला एड, ज्याच्यामुळं होतं त्याला इंग. पण त्यांनी याहून उपयोगी गोष्ट शिकवली. पेशंटला एडसुद्धा फार लावू नका. 'यू आर फ्रस्ट्रेटेड' म्हटलं की कान पकडून निदान सांगितल्यासारखं वाटतं. इंग वापरा, पण ते परिस्थितीला चिकटवा. 'इट मस्ट बी रिअली फ्रस्ट्रेटिंग, वेटिंग धिस लाँग.' खोट वाट बघण्यात, माणसात नाही. हे वाक्य मी सांगली-मिरज रस्त्यावर वडापच्या मागच्या सीटवर बसून इतक्या वेळा पुटपुटलंय, की शेजारची बाई एकदा म्हणाली, "जप करताय का?"

मॅडम मूळच्या तासगावच्या, चौदा वर्षं बर्मिंगहॅमजवळ नोकरी करून परत आलेल्या. त्यांनी पहिल्याच महिन्यात एक विचित्र गृहपाठ दिला होता. आठवडाभर ड्युटीवर गोंधळलेल्या किंवा चिडलेल्या पेशंटला तुम्ही काय काय बोललात, ते मराठीतच लिहून आणा. माझ्या वहीच्या चौथ्या पानावर ती यादी अजून आहे. टेन्शन घेऊ नका. काही होत नाही. शांत बसा जरा. डॉक्टर सांगतील. संपली. आठ दिवस, तीन शिफ्ट, पन्नासएक माणसं, आणि चार वाक्यं. त्यातलं पहिलं तर ऑपरेशनला जाणाऱ्यालाही आणि बिल वाढलेल्यालाही.

मग उलटा गृहपाठ : पेशंट काय बोलले ते लिहा. त्याला दोन पानं पुरली नाहीत. डोकं भंजाळलंय. काव आणलाय नुसता. येड लागायची पाळी आली. जीव मेटाकुटीला आलाय. भिरभिरल्यागत झालंय. ह्या गोळ्यांचा शेंडा-बुडखा लागंना. नाकी नऊ आणलं पोरानं. दवाखान्याचा इट आलाय. अथणीकडची एक आजी होती, तिला मराठी येत नव्हतं, ती कपाळावर हात मारून एकच म्हणायची, "तली केट्टैती." नातवानं सांगितलं, डोकं बिघडलंय म्हणते. तिलाही मी टेन्शन घेऊ नका म्हटलं असणार. निदान कन्नडमधून तरी म्हटलं नाही.

त्या पानांसमोर आम्ही इंग्रजी शब्द मांडत गेलो, आणि क्लासमधले हे चार रविवार मला सगळ्यांत आवडले. पझल्ड म्हणजे आपलं बुचकळ्यात पडणं. त्यात भीती नाही, थोडी गंमतही असू शकते. कन्फ्यूज्ड म्हणजे गोंधळलेला. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ एकत्र ओतणं. ताक, आमटी, खीर एकाच पातेल्यात. सकाळची गोळी, रात्रीची गोळी आणि उपाशीपोटीची गोळी एकाच पिशवीत आणणाऱ्या आजोबांना हाच शब्द. बिविल्डर्ड त्याच्या पुढची पायरी. त्याच्या पोटात वाट चुकून रानात भरकटणं आहे. मॅडम भांबावणं म्हणाल्या. मी म्हटलं, "चकवा लागणं." माझे वडील एकदा रात्री शेजारच्या गावाहून येताना पहाटेपर्यंत एकाच बांधाभोवती फिरत राहिले होते. सकाळी घरी आले तेव्हा त्यांच्या तोंडावर जे होतं, ते मी नंतर आयसीयूच्या बाहेर बसलेल्या नातेवाइकांच्या तोंडावर कितीदा पाहिलंय. दिशा आहेत, रस्ता आहे, आणि तरी सापडत नाही. परप्लेक्स्ड हा शब्दही लिहून घेतला, पण तो पुस्तकातला आहे. पेशंट काही म्हणत नाही की मी परप्लेक्स्ड आहे, जसं आपल्याकडं कुणी 'मी किंकर्तव्यमूढ झालोय' असं म्हणत नाही.

फ्रस्ट्रेशनवर मात्र आमचं भांडण झालं. राग, कंटाळा, वैताग, प्रत्येकीनं वेगळा शब्द सांगितला. लॅटिनमधल्या फ्रुस्त्रा शब्दाचा अर्थ व्यर्थ. करायचं ते सगळं केलं आणि वाया गेलं, तिथून येतं ते हे. मला चडफड आठवली. सासूबाई रेशनच्या रांगेत दोन तास उभ्या राहतात, मशीनवर अंगठा जुळत नाही, पदराला पुसून पुसून चारदा लावतात, तरी जुळत नाही. त्या घरी येऊन भांडी घासतात त्याचा जो आवाज येतो, ती चडफड. राग असतो, पण काढायचा कुणावर? मशीनवर? बहुतेक पेशंटचा राग या जातीचा असतो. तो आपल्यावर निघतो, कारण मशीनपेक्षा आपण जवळ उभ्या असतो.

'कान्ट मेक हेड ऑर टेल ऑफ इट' ऐकल्यावर सगळ्या एकदम ओरडल्या, शेंडा-बुडखा! 'फेड अप' म्हणजे खाऊ घालून घालून वीट आणलाय. 'आय हॅव हॅड इट अप टू हिअर' म्हणताना इंग्रज माणूस हात गळ्याशी किंवा कपाळाशी नेतो, आणि आमची आजीही 'गळ्याशी आलंय' म्हणताना हात तिथंच न्यायची. आणि मग 'ॲट द एंड ऑफ माय टेदर'. टेदर म्हणजे चरायला बांधलेल्या जनावराचं दावं, एवढंच मॅडम म्हणाल्या आणि मला पुढचं सांगायची गरज उरली नाही. माझं माहेर जत तालुक्यातलं. उन्हाळ्यात शेळी खुंटीला बांधलेली असायची. दावं पोचेल तेवढ्या गोलातलं ती सगळं खाऊन टाकायची, जमीन तासल्यासारखी व्हायची. मग पुढचे गुडघे टेकून, मान ताणून, जीभ बाहेर काढून गोलाबाहेरची एक काडी ओढायला बघायची. दावं गळ्यात रुतायचं. तेव्हा ती ओरडायचीही नाही. पेशंट असं म्हणाला तर त्याला माहिती सांगायच्या आधी खुंटी जरा पुढं रोवायला पाहिजे, एवढं मला कळलं.

इंग्रज माणूस हे सगळे शब्द मोकळेपणानं वापरेल असं समजू नये. मॅडम म्हणाल्या, तो 'नॉट बेस्ट प्लीज्ड' म्हणाला तर चांगलाच भडकलाय असं समजा. 'अ बिट अनॉइड' मधल्या बिटवर जाऊ नका. आणि क्रॉस म्हणजे चिडलेला, हे त्यांना स्वतःला माहीत नव्हतं. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात एक म्हातारे गृहस्थ 'आय ॲम रादर क्रॉस' म्हणाले, तर यांनी हॉस्पिटलच्या पाद्रीबाबांना बोलावू का विचारलं. मॅड म्हणजे अमेरिकेत रागावलेला आणि ब्रिटनमध्ये बहुधा वेडा. पिस्ड ऑफ म्हणजे वैतागलेला, पण ब्रिटनमध्ये नुसतं पिस्ड म्हणजे प्यायलेला, तेव्हा पेशंटच्या कागदावर यातलं काहीही लिहू नये.

कागदावरून आठवलं. माझी सगळ्यांत मोठी चूक बोलण्यातली नव्हतीच. लेखनाच्या भागात पेशंटच्या टिपणांवरून एक पत्र लिहायचं असतं, 180 ते 200 शब्दांचं. सरावाच्या पत्रात मी लिहिलं, पेशंट इज कन्फ्यूज्ड. मला म्हणायचं होतं, मधुमेहाच्या पथ्याबद्दल त्यांच्या मनात गोंधळ आहे. मॅडमनी लाल पेनानं गोल केला आणि शेजारी आकडा लिहिला : चार. आधी वाटलं दहापैकी चार दिलेत.

तो ग्लासगो कोमा स्केलचा चार होता. पेशंटची शुद्ध मोजायचं हे स्केल मी रोज भरते! 1974 साली ग्लासगोच्या टीसडेल आणि जेनेट या डॉक्टरांनी ते मांडलं. डोळे, बोलणं, हालचाल. बोलण्यात नीट भान असलेल्याला पाच, कन्फ्यूज्ड असेल तर चार, असंबद्ध शब्द तीन, नुसते आवाज दोन, काहीच नाही तर एक. म्हणजे आपण कुठं आहोत, कोणतं साल चाललंय हे ज्याला सांगता येत नाही, तो कन्फ्यूज्ड. ब्रिटनमध्ये तर 2017 पासून पेशंटवर नजर ठेवायच्या तक्त्यात पेशंटला नव्यानं सुरू झालेल्या कन्फ्यूजनला एकदम तीन गुण आहेत, आणि एकाच रकान्यात तीन पडले की धावाधाव सुरू होते. मी पथ्याबद्दल लिहिलेलं वाचून तिकडच्या नर्सनं आजोबांना विचारलं असतं, आज वार कोणता, पंतप्रधान कोण. पथ्याबद्दल 'अनशुअर' लिहायचं, किंवा 'हॅज क्वेश्चन्स अबाउट'. नऊ वर्षं जो शब्द मी दिवसातून दहा वेळा तक्त्यात भरत होते, तोच बोलताना मी इतका सैल वापरत होते. त्या रात्री मला झोप लागली नाही. हे थोडं अतीच वाटेल, पण खरं आहे.

डाऊटचंही तसंच. 'एनी डाऊट्स?' असं विचारून मी सगळे सराव संपवायचे. आपल्याकडं मास्तर विचारतात ते, शंका आहे का? पण तिकडच्या कानाला डाऊट म्हणजे संशय. माझ्या सांगण्यावर तुमचा विश्वास नाही का, असं विचारल्यासारखं. क्वेश्चन्स म्हणायचं. ही सवय मात्र शेवटपर्यंत सुटली नाही, अजूनही जिभेच्या टोकावर डाऊट असतो, तो गिळून मग क्वेश्चन येतो.

आणि स्वतःला कळलं नाही तर? याचं मला काही शिकवावं लागेल असं वाटलंच नव्हतं. नाही कळलं तर मान हलवायची, पुढं बघू. राउंडला मोठे डॉक्टर भरभर बोलतात तेव्हा आम्ही सगळ्या तेच करतो. मॅडमनी माझी मान एकदा व्हिडिओत दाखवली. समोरची बाई म्हणतेय की मला ॲलर्जी आहे, आणि माझी मान नंदीबैलासारखी हलतेय, चेहरा कोरा. 'सॉरी, आय डिडन्ट क्वाइट कॅच दॅट.' 'आय ॲम नॉट शुअर आय फॉलो.' ही दोन वाक्यं त्यांनी पन्नास वेळा म्हणून घेतली. माझ्या मानेला ती शिकायला तोंडापेक्षा जास्त वेळ लागला.

परीक्षा मुंबईला होती. सांगलीहून रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेस धरली, सोबत भडंगाची पुडी आणि वही. भडंग संपलं, वही उघडली नाही. कार्डावर काय होतं ते बाहेर सांगायचं नाही असा नियम आहे, आणि मला परत तिथं जायचंय, त्यामुळं सांगत नाही. एवढंच सांगते, की दुसऱ्या रोल-प्लेमध्ये समोरची बाई काहीतरी भर्रकन बोलली आणि मला एक अक्षर कळलं नाही. मान हलायला लागली होती. ती मी हातानं धरल्यासारखी थांबवली आणि म्हणाले, आय ॲम नॉट शुअर आय फॉलो. ती बाई हळू बोलली. इतकंच. आकाश कोसळलं नाही. बाहेर आल्यावर मात्र पाय लटलट कापत होते.

निकाल यायला अडीच-तीन आठवडे लागले. मधल्या काळात एका दुपारी वॉर्डात डिस्चार्जचं एक प्रकरण रेंगाळलं. जतकडचीच एक आजी, सकाळपासून लुगडं नेसून, पिशवी भरून, पलंगाच्या कडेला बसलेली. विम्याचं उत्तर येत नव्हतं. मला बघितल्यावर तिनं तोंड फिरवलं. मी टेन्शन म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. तिच्या शेजारी बसले. म्हटलं, "आजी, सकाळपास्नं ताटकळत ठेवलंय तुम्हाला. कुणालाबी वैताग यायचाच की."

आजीनं माझ्याकडं बघितलं. दोन-तीन सेकंद. मग म्हणाली, "ते खरं हाय बाई. पर कागद कवा देतासा?"

मी उठून तिसऱ्यांदा खाली फोन लावला.

निकाल एका गुरुवारी आला, मी डबा भरत होते तेव्हा. बोलणं 380. ऐकणं 360. वाचणं 350, काठावर. लिहिणं 290. दहा गुण. मी मोबाइल ओट्यावर पालथा ठेवला आणि पोळी लाटत राहिले. मॅडमना मेसेज केला, त्यांचं एका शब्दाचं उत्तर आलं : गटेड? हा शब्द आम्ही केला होता. मासा साफ करताना आतलं सगळं काढून टाकतात तसं झालेला माणूस. मी लिहिलं, नाही, चडफड. त्यांनी हसणारा चेहरा पाठवला आणि खाली पुढच्या तारखा.

नवरा आंघोळ करून आला. माझं तोंड बघून त्यानं मोबाइल उलटा केला, आकडे वाचले, आणि पाठीवर हात ठेवून म्हणाला, "टेन्शन घेऊ नको."

मी लाटणं खाली ठेवलं. म्हटलं, "कपाटात माझी वही आहे. तिचं चौथं पान वाचून ये, मग बोल."